ओबीएमला स्वस्तातलं ऑइल : कुठलं चालतंय, कुठलं नाही

"ओबीएममध्ये बाइकचं ऑइल टाकलं तर चालतं का?" ओबीएम म्हणजे आउटबोर्ड मोटर, बोटीच्या मागं बाहेरून लावतात ते इंजिन. मे महिना आला की हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्यानं बऱ्याचदा आधीच ओतलेलं असतं, त्याला फक्त कुणीतरी हो म्हणायला पाहिजे असतंय. तर आधीच सांगून टाकतो, चालतं. पण कुठल्याही बाइकचं नाही, आणि डब्याच्या मागं काय छापलंय ते वाचल्याशिवाय तर अजिबात नाही.

२०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं (धोक्याची पातळी ४५), त्यानंतर कृष्णाकाठच्या बऱ्याच गावांत बोटी आल्या, इंजिनं आली, पण त्यांची देखभाल कुणी करायची हे काय ठरलं नाही. मग ज्याला बाइकचं थोडंफार कळतंय त्याच्या गळ्यात ते काम पडतं. आमच्याकडं तो मी.

पहिलं म्हणजे आपलं इंजिन टू-स्ट्रोक आहे का फोर-स्ट्रोक ते बघा. हसू नका, वरचा हूड लावलेला असला की लांबून दोन्ही सारखीच दिसतात. टू-स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून जळतं, त्याच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं असतं. ते फोर-स्ट्रोकच्या सम्पमध्ये (खाली ऑइल साठतं त्या भांड्यात) जाता कामा नये, आणि फोर-स्ट्रोकचं टू-स्ट्रोकमध्ये जाता कामा नये. ज्या गावात दोन्ही इंजिनं एकाच खोलीत पडलेली असतात तिथं डब्यांवर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आता फोर-स्ट्रोकचं खास मरीन ऑइल मिळतं, त्यावर एफसी-डब्ल्यू असा मार्क असतो. अमेरिकेतल्या एनएमएमए ह्या बोटवाल्या कंपन्यांच्या संघटनेनं २००४ मध्ये हे सर्टिफिकेट सुरू केलं. त्यात ऑइलची गंज रोखायची ताकद बघतात, फेस येतो का बघतात, पाणी मिसळल्यावर फिल्टर चोंदतो का बघतात, आणि रगडा बसल्यावर ऑइल पातळ पडतं का तेही बघतात. ह्याला कारण आहे. बाइक सिग्नलला थांबते, गिअर बदलते, उतारावर श्वास घेते, पण आउटबोर्डला फुल थ्रॉटल दिला की ते पाच-सहा हजार आरपीएमवर तासन् तास तसंच ओढत राहतं, वर समुद्रात असेल तर खारी हवा. त्यामुळं मालवण-रत्नागिरीकडं बोट चालवणाऱ्यानं गपगुमान एफसी-डब्ल्यूच घ्यावं, तिथं काटकसर करायची नाही.

पण कृष्णेचं पाणी गोडं. आणि इकडं मरीन ऑइल दुकानात सहज मिळत नाही, मागवावं लागतं, मला जो भाव सांगितला तो बाइकच्या ऑइलच्या दुपटीच्या घरात होता. मग बघायचं काय, तर इंजिनाचं मॅन्युअल. बहुतेक कंपन्या फोर-स्ट्रोक आउटबोर्डला १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० सांगतात (हे आकडे ऑइल किती जाड-पातळ त्याचे), आणि एपीआय ग्रेड, म्हणजे डब्यावर छापलेला दर्जा, एसजी, एसएच, एसजे, एसएल यातलं. अक्षर जेवढं पुढचं तेवढं ऑइल नवीन, म्हणजे एसजे मागितलंय आणि एसएल टाकलं तर बिघडत नाही, एसएफवाला जुना स्टॉक कुणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. १०डब्ल्यू-३० शोधायला लांब जायला नको, हिरो, होंडाच्या कम्युटर गाड्यांना तेच जातं, साडेतीनशे-चारशे रुपये लिटरमध्ये चांगल्या कंपनीचं मिळून जातं.

दुकानात मात्र संवाद असा होतो.

"अण्णा, टेन डब्ल्यू थर्टी द्या."

"गाडी कुठली?"

"गाडी न्हवं, बोटीला पाहिजे."

"बोटीला? मग ट्वेंटी-फॉर्टी न्या की, ट्रॅक्टरला तेच जातंय, जाड असतंय, इंजिन तापत न्हाई."

जाड म्हणजे भारी हे आपल्याकडं डोक्यात इतकं फिट बसलंय की काय सांगायचं. अहो पण आउटबोर्ड नदीचंच गार पाणी ओढून स्वतःला थंड करत असतं, ते गाडीच्या मानानं गारच चालतं. तिथं जाड ऑइल टाकलं की स्टार्ट केल्या केल्या इंजिनाच्या वरच्या टोकाला, व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कॅमपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि पुरात काय होतं, दोरी ओढली की लगेच फुल थ्रॉटल, कुणी गरम होऊ देत नाही. तेवढ्यातच घासतं.

बाइकच्या डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमबी असतं त्याचा लय विचार करू नका. ते क्लचसाठी आहे, बाइकचा क्लच ऑइलात बुडालेला असतो, तो घसरू नये म्हणून एमए. आउटबोर्डला असला क्लचच नाही, दोन्ही चालतात. उलट बाइकचं ऑइल गिअरबॉक्समध्येही रगडून निघायचं असतं म्हणून ते सहज पातळ पडत नाही, हा माझ्या मते त्याचा मोठा प्लस पॉइंट. नवीन कारचं ०डब्ल्यू-२० मात्र नको, फार पातळ. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं ऑइल तर कुठल्याच इंजिनाचं नसतं, तेही ओतणारे महाभाग आहेत. इंजिन वॉरंटीत असेल तर मॅन्युअलमधलंच टाका आणि बिल जपून ठेवा, तिथं माझं ऐकू नका.

आता हिशोब. २५ एचपीच्या इंजिनात साधारण दीड लिटरच्या आसपास ऑइल बसतं. म्हणजे स्वस्त आणि महाग यातला फरक वर्षाला पाचशे-सातशे रुपयांचा, जीव जाईल एवढा नाही. खरा पैसा वाचतो तो वेळेवर बदलण्यात. कंपनी म्हणते १०० तास किंवा वर्ष, जे आधी होईल ते. बामणोलीहून वासोट्याला टुरिस्ट नेणाऱ्या बोटीचं जाताना तास-दीड तास, येताना तेवढंच, त्यांचे १०० तास सीझनमध्ये बघता बघता होतात, त्यांनी तास लिहून ठेवून बदलावं. आमच्या पुराच्या बोटीचं उलटं, वर्षभर नुसती पडून. लोक म्हणतात चाललंच नाही तर बदलायचं कशाला.

आणि बदलतात ते मेमध्ये, पाऊस यायच्या आधी, मला हे पटत नाही. पुरात वापरलेल्या ऑइलात ओल असते, जळक्याची आम्लं असतात, ते तसंच आठ महिने आत ठेवायचं म्हणजे बेअरिंगला गंज चढवायला आमंत्रण. पुराचं काम संपलं, बोट बाहेर काढली, की तेव्हाच बदला. ऑक्टोबरला टाकलेलं ताजं ऑइल आत शांत बसून राहतं, मेमध्ये फक्त लेव्हल बघायची, टिपाडात पाणी भरून त्यात इंजिनाचा पाय (पंख्याकडचा खालचा भाग) बुडवून इंजिन पाच मिनिटं चालवायचं, बस. ह्या पद्धतीनं केलं तर बाइकच्या ऑइलनं काही अडत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

लेव्हल बघताना इंजिन उभं सरळ पाहिजे. डिपस्टिक पुसून परत घाला, काढा, आणि नुसती रेघ बघू नका, वास घ्या. ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं आणि पेट्रोलचा वास आला तर समजा की हळूहळू चालवून चालवून, इंजिन पुरतं गरम न झाल्यानं, पेट्रोल खाली उतरलंय. गल्लीबोळातनं माणसं काढताना बोट तशीच चालते, रांगत, त्यामुळं पुरानंतर हे हमखास दिसतं. असं ऑइल तास मोजत न बसता काढून टाका. आणि दुधाच्या चहासारखं झालं असेल तर पाणी शिरलंय, मग मेकॅनिकच.

सुटं ऑइल, बॅरलमधलं, अजिबात नको. सील बघा, झाकणाची रिंग बघा.

अजून एक, फोर-स्ट्रोक इंजिन ट्रॉलीत कसंही आडवं टाकायचं नसतं. कुठल्या बाजूला झोपवायचं ते मॅन्युअलमध्ये चित्रासकट असतं, बऱ्याच इंजिनांवर स्टिकरही असतो. चुकीच्या कुशीवर झोपवलं की ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं, मग ऐन वेळी दोरी ओढून खांदा निखळला तरी चालू होत नाही, आणि शिव्या खातं बिचारं ऑइल.

खाली पंख्याजवळचा गिअरबॉक्स वेगळा, त्याचं ऑइलही वेगळं, हायपॉइड गिअर ऑइल, एसएई ९० किंवा मॅन्युअल म्हणेल ते. खालचा स्क्रू काढल्यावर पांढरट आलं तर सील गेलंय, तिथं नुसतं ऑइल बदलून भागत नाही, सील टाकून घ्या.