थोडंसं म्हणजे किती?

बाबांनी अडतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. स्वल्पविराम भलतीकडे पडलेला दिसला की त्यांना जेवण जायचं नाही. अशा माणसाला छातीच्या ओपीडीत डॉक्टरांनी विचारलं, "काका, खोकल्यातून किती रक्त पडलं?" तर म्हणाले, "थोडंसं."

"थोडंसं म्हणजे? थुंकीत रेघ, चमचाभर, की अर्धी वाटी?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. बेसिनचा नळ सोडून सगळं वाहून गेलेलं. माप घेतलंय कोणी?

खरं तर हे पाच दिवस चाललं होतं. बाबांचं निदान तयार होतं: पित्त. नारायण पेठेत डोकं दुखण्यापासून जावई न आवडण्यापर्यंत सगळं पित्तानंच होतं. शेजारच्या काकूंनी अडुळशाचा काढा करून दिला. एका दवाखान्यात खोकल्याचं औषध आणि गोळ्या मिळाल्या, प्रश्न एकही नाही. आईनं बेसिनवर लाल डाग पाहिला तेव्हा ती पानावरून ओरडली, कारण बाबा रविवारच्या जेवणावर पान खातात. तो दिवस सोमवार होता, हे तिच्या रात्री लक्षात आलं.

या डॉक्टर वयानं माझ्या भाचीएवढ्या. टॉर्च घेऊन आधी नाक बघितलं, मग हिरड्या, मग घसा. घोळणा फुटून रक्त मागच्या मागे घशात उतरतं आणि खोकल्यातून आल्यासारखं वाटतं, म्हणे. ते नव्हतं. मग विचारलं, "आधी मळमळलं की आधी खोकला आला? रंग लालभडक की काळपट, कॉफीच्या गाळासारखा? त्यात अन्नाचे कण होते? शौचाला डांबरासारखी काळी झाली?"

"लालभडक. वर फेस होता," बाबा म्हणाले. "साबणाचा येतो तसा, बारीक. आणि त्याआधी घशाखाली गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं."

हे ते आम्हाला बोलले नव्हते. फेस म्हणजे रक्तात हवा मिसळलेली, म्हणजे ते फुफ्फुसाकडचं. पोटातलं सहसा काळपट असतं आणि उलटीतून येतं. पित्ताचा विषय तिथेच मिटला.

पुढचे प्रश्न सरळ रेषेत नव्हते. संध्याकाळी कसर येते का? रात्री घामानं बनियन भिजतो का? वजन? (बाबा "तेवढंच आहे" म्हणाले. आईनं त्यांचा शर्ट वर करून पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक दाखवलं.) एखादी पोटरी सुजून दुखली का, एवढ्यात लांबचा प्रवास झाला का? पायातली गुठळी सुटून फुफ्फुसात अडकली तरी खोकल्यातून रक्त पडू शकतं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? तो प्रश्न हृदयाच्या झडपेसाठी, कारण त्या तापानं झडप खराब झाली तरी खोकल्यातून रक्त पडू शकतं. सिगारेट? "१९९९ साली सोडली." "त्याआधी किती?" "रोज पाच." आईनं घसा खाकरला. "दहा."

आणि गोळ्या. बाबांनी बीपीची सांगितली, रक्त पातळ करायची नाही. ॲंजिओप्लास्टीनंतर ती सहा वर्षं रोज रात्री चालू आहे, पण इतकी सवयीची की त्यांच्या लेखी ते औषधच नव्हे.

"पूर्वी कधी टीबी झाला होता?"

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि बाबा म्हणाले, "हो. १९७४ साली."

दीड वर्ष औषध, सुरुवातीला रोज दंडात इंजेक्शन. आमच्या आजीनं कोणाला पत्ता लागू दिला नाही. तिच्या डोक्यात क्षय म्हणजे आनंदीबाई जोशी: अमेरिकेहून डॉक्टर होऊन आली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला याच पुण्यात गेली, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. तेव्हा औषधच नव्हतं, स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ साली. बाबांना तेच टोचत होते, पण आजीला मुलाचं लग्न दिसत होतं.

मी आईकडे बघायचं टाळलं. ती पिशवीत रुमाल शोधत म्हणाली, "मला माहीत होतं. लग्नानंतर महिन्याभरात वन्संनी सांगितलं. म्हटलं, ते बोलत नाहीत तर आपण कशाला काढा."

सिटीस्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात जुने व्रण निघाले. तिथल्या श्वासनलिका रुंदावून ढिल्या पडल्यात, आणि त्यांच्या भिंतीतल्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांतून हे येत होतं. थुंकीच्या सीबीनॅट तपासणीत (ती जंतूंची जनुकं शोधते) टीबीचे जंतू निघाले नाहीत, कल्चरला, म्हणजे थुंकीतले जंतू वाढतात का ते बघायला, मात्र सहा आठवडे थांबायचं होतं. रक्त पातळ करायच्या गोळीचं काय करायचं ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरलं. आपण होऊन बंद करू नका, असं दोघांनीही बजावलं.

डॉक्टरांनी एक गोष्ट आईला दोनदा सांगितली. वाटीभर आलं, किंवा धाप लागली, तर वाट न बघता १०८. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत यांना उजव्या कुशीवर निजवायचं, म्हणजे रक्त येतं ती बाजू खाली. रक्त कमी होण्यापेक्षा ते चांगल्या फुफ्फुसात उतरून जीव गुदमरण्याची भीती जास्त. आम्ही घरी असतो तर हमखास पाठीवर उताणं निजवून वारा घातला असता.

बाबांनी केसपेपर घरी आणून लाल पेनानं तपासला. वय ७३ च्या जागी ७८ पडलं होतं. समासात प्रुफाची खूण केली.

आता शंभर पानी वही झाली आहे. तारीख, वेळ, रंग, माप. मापाला आईनं जुना औषधाचा चमचा दिलाय. महिन्यानं दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टर पान उलटता उलटता थांबल्या. "काका, १४ तारखेला दुपारी दीड वाजता लाल, चमचाभर?"

"खाली तळटीप आहे," बाबा म्हणाले. "पानाचं."