कासवाच्या घशातला गळ

हतनूर धरणाच्या फुगवट्यात रात्री गळांचा दोर टाकणारे एक भोई भाऊ पावसाळा सरल्यावर एका सकाळी वनरक्षकाला सोबत घेऊन माझ्या दवाखान्यात आले. त्यांच्या ओल्या गोणपाटात मऊ पाठीचे एक कासव होते आणि त्याच्या तोंडातून वीतभर दोरा लोंबत होता. दोरा त्यांनी ओढला नव्हता, कापला होता. कासव वाचले ते यामुळेच, कारण गिळलेला गळ ओढला की अन्ननलिकेत आणखी खोल रुततो. हे कासव वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मधले, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेले. खटल्याच्या धास्तीने ते पाण्यात सोडून देणे त्यांना सहज शक्य होते.

एक्स-रेमध्ये मानेच्या मध्यावर ‘जे’ आकाराचा गळ स्पष्ट दिसला. कासव बराच वेळ श्वास रोखून धरते, त्यामुळे नुसत्या गॅसने भूल चढत नाही; म्हणून इंजेक्शनने भूल दिली आणि श्वासनलिकेत नळी घालून आम्ही त्याला श्वास देत राहिलो. मानेच्या बाजूने अन्ननलिका उघडली, गळाचे टोक उलट्या काट्यासकट छाटले आणि उरलेला दांडा आल्या वाटेने मागे काढला.

भाऊ तोवर बाहेरच्या पायरीवरच बसून होते. “डॉक्टरसाहेब, गळ टाकणं सोडून देऊ का?” त्यांनी विचारले. ज्या दोरावर घर चालते तो सोडा, असे मला सांगवेना.

समुद्रात हाच प्रश्न फार मोठा आहे. मैलोन्‌मैल लांबीच्या दोरांवर हजारो गळ असतात आणि त्यांत समुद्री कासवे अडकतात. म्हणून अमेरिकेने २००४ मध्ये आपल्या अटलांटिकमधील अशा मासेमारीला गोल गळ सक्तीचे केले. या गळाचे टोक आत, दांड्याकडे काटकोनात वळलेले असते. गिळला गेला तरी दोर ताणताच तो घशातून घसरत बाहेर येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. मात्र टोक बाजूला कललेले असेल, तर हा गुण उणावतो.

रत्नागिरीहून मागवलेले काही गोल गळ मी भाऊंना दाखवले. “वळलेल्या टोकाला मासा लागायचा कसा?” ही त्यांची शंका रास्त होती. मी सलाईनच्या रिकाम्या बाटलीचे तोंड कापून रुंद केले आणि दोन्ही गळ आळीपाळीने आत सोडून ओढायला सांगितले. जुना गळ मध्येच बाटलीच्या भिंतीत रुतला. गोल गळ घसरत वर आला आणि काठाला येऊन अडकला. भाऊंनी ते चार वेळा करून पाहिले. आमिष ओवताना टोक आणि दांडा यांमधली फट मोकळी ठेवायची, आणि मासा लागल्यावर हिसका द्यायचा नाही, एवढेच मी बजावले. रात्रभर पाण्यात ठेवलेल्या दोरावर मासा स्वतःच ओढ घेतो, त्यामुळे ही दुसरी अट तिथे आपोआप पाळली जाते.

कासवाचे टाके सहा आठवड्यांनी काढले आणि वनखात्याच्या लोकांनी त्याला फुगवट्यात सोडले. त्याच आठवड्यात भाऊंचा फोन आला: गोल गळांना तीन शिंगाडे मासे लागले होते, तिन्ही ओठाच्या कोपऱ्यात, पण उलट्या काट्यामुळे गळ निघता निघत नव्हता. पकडीने उलटा काटा दाबून सपाट करा, असे मी त्यांना सांगितले.