बाहेर जाऊन सायकॉलॉजी करावं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या नौपाड्याच्या सोसायटीत बारावीचा निकाल लागला की महिनाभर लिफ्टमध्ये हाच प्रश्न गाठतो: "आमच्या हिला सायकॉलॉजी करायचंय, म्हणते परदेशातच. पाठवू का?" मी जाऊन आलेली, म्हणून मला.

माझ्या लहानपणी 'ह्याला ठाण्याला पाठवा' याचा अर्थ एकच होता. 1901 पासूनचं मनोरुग्णालय आमच्याच गावात. मी हा विषय घेतला तेव्हा आजी म्हणाली, "त्याला इंग्लंड कशाला? रिक्षाने जा की." तेव्हा हसले होते.

2016 साली एका वर्षाच्या एम.एस्सी.ला गेले. शिकले भरपूर, त्यातही सगळ्यात जास्त स्टॅटिस्टिक्स. 'मला माणसांशी बोलायला आवडतं' म्हणून येणाऱ्या मुली पहिल्याच टर्मला आकडे बघून रडतात. मीही रडले. पण कुणी काही ठासून सांगितलं की "कशावरून?" विचारायची खोड मला तिथेच लागली, आणि ती सोन्यासारखी आहे.

परत आले तर ती डिग्री इथल्या दोन वर्षांच्या एम.ए.च्या बरोबरीची धरेनात. स्टेशनजवळच्या ज्या एजंटाने फॉर्म भरून दिले होते, तो याबद्दल अवाक्षर बोलला नव्हता. मीही विचारलं नव्हतं. पुन्हा दोन वर्षं एम.ए. केलं. (2022 मध्ये भारत-ब्रिटन करार झाला आणि तिथलं एका वर्षाचं मास्टर्स इथे मान्य झालं. माझं एम.ए. तोवर उरकलं होतं. असो.)

आणि एवढं करूनही मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (म्हणजे मानसिक आजारांचं निदान आणि थेरपी करणारी) नाही, काउन्सेलर, म्हणजे समुपदेशक आहे. आपल्याकडे त्या नावाने काम करायचं तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागते. त्यासाठी आजवरचा मुख्य रस्ता म्हणजे एम.ए.नंतर दोन वर्षांचं एम.फिल.; आता हे अभ्यासक्रम बदलतायत, म्हणून चालू नियम कौन्सिलच्याच साइटवर बघा, माझ्या तोंडून ऐकू नका. ब्रिटनमध्येही एम.एस्सी. पुरत नाही, डॉक्टरेट लागते. ऑस्ट्रेलियात सायकॉलॉजिस्ट व्हायलाच सहा वर्षं. अमेरिकेत डॉक्टरेट, वर त्या-त्या राज्याचं लायसन्स. डिग्री हातात आली तरी पेशंट बघायची परवानगी वेगळी मिळवावी लागते, आणि ती देशागणिक बदलते.

म्हणून मी उलट विचारते: मुलगी पुढे कुठे बसणार आहे? रिसर्च करायचा असेल तर खुशाल जाऊ दे, अमेरिकेत पीएच.डी.ला बऱ्याचदा फी माफ होऊन वर स्टायपेंड मिळतो. तिथेच राहायचं असेल तर रँकिंगच्या आधी त्या देशाचे नोंदणीचे नियम वाचा. पण ठाण्यात येऊन क्लिनिक थाटायचं असेल तर निदान एम.ए.पर्यंत इथेच शिकू दे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण भाषा. कळव्याहून येणारी बाई 'मला एंग्झायटी आहे' म्हणत नाही. ती म्हणते, जीव वरखाली होतो, डोक्यात मुंग्या येतात, घरात कोंडल्यासारखं होतं. मी शिकलेल्या प्रश्नावल्यांत यांतल्या कशालाच रकाना नव्हता. परतल्यावर पहिले सहा महिने मी मनात इंग्रजीत वाक्य जुळवून मराठीत बोलायचे. एक आजोबा शेवटी म्हणालेच, "बाई, बातम्या देताय का?"

परवा पुन्हा लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकू. हे सगळं त्यांना थोडक्यात सांगितलं. त्या पार्किंगकडे गेल्या तशी लेक मागे रेंगाळली आणि हळूच म्हणाली, "ताई, खरं सांगू? मला फक्त आईपासून लांब जायचंय."

तेवढ्यासाठी पुणं चालेल का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.