शून्य बाकीचं कार्ड

मेथीच्या दोन जुड्या, एक दुधी, इडली रव्याचं पाकीट, आणि कार्ड डिक्लाइन. न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं इंडियन ग्रोसरीचं दुकान, शनिवार संध्याकाळ, मागे ही रांग, त्यात नवऱ्याच्या मित्राची बायको, आणि काउंटरवरचा मुलगा विचारतोय आंटी दुसरं कार्ड आहे का. दुसरं कुठून असणार? पाच कार्डं तीन आठवड्यांपूर्वीच दिवाळ्यात गेली होती आणि हे एकच मी जपून ठेवलेलं. बाकी शून्य, नऊ वर्षांत एकदाही लेट पेमेंट नाही. डेबिट कार्डाने पैसे दिले आणि गाडीत येऊन दहा मिनिटं नुसती बसून राहिले.

तेव्हापासून चार जणींनी मला विचारलंय (आपल्यात हे असं हळदीकुंकवाला बाजूला घेऊनच विचारतात) की ज्या कार्डावर काही देणंच नाही ते चॅप्टर ७ (म्हणजे अमेरिकेत कोर्टात दिवाळं काढून देणी माफ करून घेणं) नंतर राहतं का गं. म्हणून एकदाचं लिहून टाकते. मी वकील नाही, फक्त यातून गेलेली आहे.

आमचं कारण काही वेगळं नाही. २०२० मध्ये नवऱ्याची नोकरी गेली, नोकरीबरोबर इन्शुरन्स गेला, आणि त्यातच त्याचं ऑपरेशन निघालं. भाडं, किराणा, हॉस्पिटल, सगळं कार्डांवर, मग एका कार्डाचं बिल दुसऱ्यावरून, आणि मार्च २०२२ ला आम्ही कोर्टात दिवाळ्याचं फायलिंग केलं तेव्हा आकडा एकसष्ट हजार डॉलर.

वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ज्याचं ज्याचं देणं आहे त्या प्रत्येकाचं नाव यादीत आलंच पाहिजे, आवडतं कार्ड म्हणून एखादं गाळता येत नाही. माझ्या त्या कार्डावर देणंच नव्हतं, म्हणजे ती बँक धनकोच नव्हती, म्हणून यादीत टाकायची सक्ती नव्हती. पण फायलिंगच्या आदल्या रात्री बाईंचा फोन, आत्ता लॉगिन करून बघ, खरंच शून्य आहे ना? बघते तर एका सबस्क्रिप्शनचे नऊ डॉलर नव्व्याण्णव सेंट. तेवढे जरी फायलिंगच्या दिवशी उभे असते तरी ती बँक यादीत गेली असती. रात्रीच भरून टाकले आणि ते जाऊन खरोखर शून्य दिसेपर्यंत फायलिंग तीन दिवस पुढे ढकललं.

आणि एवढं करून मला वाटलं, चला, यादीत नाव नाही, कोर्टाचं पत्र जाणार नाही, त्यांना कळणारच नाही. कसलं काय! दिवाळ्याची केस हे पब्लिक रेकॉर्ड, ती थेट क्रेडिट रिपोर्टवर (आपल्या कर्जांच्या आणि फेडीच्या नोंदींवर) चढते, आणि बँका नव्या अर्जाच्याच वेळी रिपोर्ट बघतात असं नाही, जुन्या गिऱ्हाइकांचेही अधूनमधून चाळत असतात, आणि कार्ड कधीही बंद करायचा हक्क त्यांनी ॲग्रीमेंटमध्ये आधीच ठेवलेला असतो. मेथीच्या प्रसंगानंतर चार दिवसांनी पत्र आलं, जेमतेम तीन ओळी, तुमच्या क्रेडिट फाइलमध्ये बँकरप्सी दिसली म्हणून अकाउंट बंद करत आहोत. नऊ वर्षांचं कौतुक एका शब्दाने नाही. रागवावं तरी कोणावर, त्यांनी बेकायदा काहीच केलं नव्हतं.

याहून मोठा गाढवपणा मी करणार होते तो सांगते. पाचांपैकी एका कार्डावर फक्त एकोणीसशे डॉलर बाकी होती. म्हटलं हे फेडून शून्य करू, म्हणजे हेही वाचेल. पुण्याहून दादा पैसे पाठवायला तयारही होता. वकीलबाई अक्षरशः कपाळाला हात लावून बसल्या. फायलिंगच्या आधीच्या ९० दिवसांत एकाच धनकोला मिळून ६०० डॉलर किंवा जास्त दिले असतील तर ते फॉर्मवर लिहावं लागतं, आणि बाकीच्यांना डावलून एकालाच का दिले म्हणून ट्रस्टी (दिवाळ्याची केस बघायला नेमलेला माणूस) ते पैसे त्या बँकेकडून परत मागू शकतो. नातेवाइकांची उसनवारी फेडली असेल तर मागचं अख्खं वर्ष बघतात. म्हणजे पैसेही गेले असते, कार्डही, आणि दादाचं उसनं मात्र डोक्यावर!

खरी डोकेदुखी डिस्चार्ज (देणी माफ झाल्याचा कोर्टाचा आदेश) मिळाल्यानंतर, रिपोर्ट काढला तेव्हा. हे रिपोर्ट ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांचे, म्हणजे ब्यूरोंचे, रिपोर्ट ॲन्युअल क्रेडिट रिपोर्टच्या साइटवर फुकट मिळतात, एक्विफॅक्स, एक्सपीरियन, ट्रान्सयुनियन. ज्या पाच कार्डांचं देणं माफ झालं त्यांच्यापुढे बाकी शून्य आणि शेजारी इन्क्लुडेड इन बँकरप्सी, बरोबरच आहे. पण माझं ते नऊ वर्षांचं कार्ड, ज्याची पै न पै मी फेडलेली, त्याच्यापुढेही दोन ब्यूरोंनी तेच चिकटवलेलं. शून्य दोन्हीकडे शून्यच दिसतं हो, पण एक फेडून झालेलं आणि एक बुडवून झालेलं. मला ते इतकं लागलं की दिवाळं काढल्याचं लागलं नव्हतं.

नवरा म्हणाला, अगं एवढी मोठी केस रिपोर्टवर फायलिंगपासून १० वर्षं राहणार आहे, एका ओळीने काय होतंय. स्कोअरच्या बाबतीत त्याचं खरंही असेल. पण एफएचएच्या (सरकारी विम्याच्या) होम लोनला डिस्चार्जनंतर साधारण २ वर्षांनी अर्ज करता येतो, आणि तिथे माणूस बसून रिपोर्ट वाचतो, त्याला एक तरी धड ओळ दिसू दे की. मग शेवटचं शून्याचं स्टेटमेंट आणि कोर्टात दिलेल्या धनकोंच्या यादीची कॉपी (त्यात या बँकेचं नाव नाही हाच पुरावा) जोडून दोन्हीकडे डिस्प्यूट टाकला. त्यांना तपासायला साधारण ३० दिवस असतात, फुकटच्या वार्षिक रिपोर्टवरून डिस्प्यूट टाकला असेल तर ४५. एकाने तीन आठवड्यांत दुरुस्त केलं, दुसऱ्याचं उत्तर, व्हेरिफाइड, माहिती बरोबर आहे. कोणी व्हेरिफाय केलं देव जाणे. परत पाठवलं, या वेळी बँकेलाही थेट, रजिस्टर्ड पोस्टाने. तेव्हा हललं. आता तिथे लिहिलंय क्लोज्ड बाय क्रेडिट ग्रँटर, नेव्हर लेट. बंद झालेलं असं स्वच्छ अकाउंटही रिपोर्टवर १० वर्षांपर्यंत राहू शकतं, तेवढीच सोबत.

हां, एक राहिलं. एका कपड्यांच्या दुकानाचं जुनं स्टोअर कार्ड होतं, तेही शून्य, मी तर विसरूनच गेले होते. ते कोणी बंद केलंच नाही. ४०० डॉलर लिमिट, अजून चालू आहे. वर्षातून दोनदा त्यावर नवऱ्याचे मोजे घेते आणि घरी पोचायच्या आत पैसे भरून टाकते.