निनावी जहाजाची ओळख शोधताना

पाण्यात सापडलेल्या वस्तूवरून ती कुठे बनली हे बऱ्याचदा कळतं. ती ज्या जहाजात होती ते जहाज कुणाचं, हे मात्र त्यावरून कळत नाही. हे वाक्य वाचायला सोपं आहे, पण मला ते खऱ्या अर्थाने कळलं ते आमच्या निनावी जहाजाच्या कामात.

हे जहाज हिंदी महासागराच्या एका किनाऱ्यालगत, उथळ खडकाळ पाण्यात फुटलं. नेमकी जागा मी मुद्दाम सांगत नाही. तिथे अजून बरंच काही आहे आणि ते उचलून विकणारे लोकही आहेत. युनेस्कोच्या २००१ च्या करारानुसार असे अवशेष जागच्या जागी राखणं हा पहिला पर्याय असतो. ते व्यापारासाठी काढायला तर साफ मनाई आहे. आमच्या हाती आलेल्या वस्तू मात्र आधीच वर आलेल्या होत्या. काही मासेमारीच्या जाळ्यात सापडल्या होत्या, काही हौशी डायव्हर्सनी आणल्या होत्या. एकीचीही नोंद नव्हती. ताटली तोफेखाली होती की शंभर फूट लांब, हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि ती माहिती आता कधीच मिळणार नाही. ताटली फुटली तर जोडता येते, जागेची नोंद गेली की ती कायमची गेली.

माझं काम नोंदणीचं आणि वस्तू टिकवण्यात मदत करण्याचं होतं. पहिला नियम असा की समुद्रातून आलेली वस्तू सुकू द्यायची नाही. शेकडो वर्षं खाऱ्या पाण्यात राहिलेल्या लोखंडात क्लोराइड खोलवर मुरलेलं असतं. हवा लागली की गंज आतून फुगतो आणि वरचे थर पापुद्र्यांसारखे सुटू लागतात. त्यामुळे लोखंड कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात ठेवायचं, ठरावीक काळाने क्लोराइड मोजायचं आणि द्रावण बदलायचं. तोफेसारखी मोठी वस्तू असेल तर यात वर्षं जातात. लाकडाचं दुखणं वेगळं. त्याच्या पेशींच्या भिंती आतून कुजून गेलेल्या असतात आणि जागा पाण्याने भरलेली असते. ते पाणी उडून गेलं की लाकूड आकसतं, पिळवटतं. स्वीडनचं वासा हे जहाज १६२८ मध्ये बुडालं आणि १९६१ मध्ये वर काढलं. त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा, म्हणजे लाकडातल्या पाण्याची जागा घेणाऱ्या मेणासारख्या रसायनाचा, फवारा सतरा वर्षं मारावा लागला. आमच्याकडे होत्या मोजक्या फळ्या, तरी त्या टाक्यांचं पाणी बदलताना मला दर वेळी वासाच्या लोकांचा धीर आठवायचा.

लोखंडाभोवती समुद्रात गंज, चुना, वाळू आणि शिंपल्यांचं दगडासारखं कवच चढतं. आम्ही सगळे त्याला काँक्रीशनच म्हणतो. बाहेरून सगळी एकसारखी ढेकळं. हातोडी उचलायची नाही, आधी एक्स-रे काढायचा. बऱ्याचदा आतलं लोखंड पार विरघळून गेलेलं असतं आणि कवचात फक्त त्याच्या आकाराची पोकळी उरते. तीत इपॉक्सी हे घट्ट होणारं राळेसारखं रसायन ओतलं की हरवलेल्या वस्तूची हुबेहूब प्रतिकृती मिळते. एका गोळ्यातून आम्हाला असं कुलूप मिळालं, मूळ कुलपाचा कणही शिल्लक नसताना. त्याच गोळ्याला नकाशावर अंतर मोजायचा पितळी कंपास चिकटलेला होता. पितळ टिकलं होतं. तो हातात धरल्यावर जहाजावरचा एक माणूस पहिल्यांदा माझ्यासमोर उभा राहिला: नकाशावर वाकलेला सुकाणूदार.

लगेच कुणीतरी म्हणालं, युरोपीय जहाज! पण सतराव्या शतकात सुरतेच्या व्यापाऱ्यांच्या आणि मुघलांच्या जहाजांवरही युरोपीय नाखवे आणि गोलंदाज पगारावर ठेवले जात. कंपास गोऱ्या माणसाचा असला तरी जहाज त्याचं असेलच असं नाही.

तोफांचंही तसंच झालं. एका बिडाच्या तोफेवरचं कवच काढल्यावर तीन आकडे उमटले, मध्ये रेघा असलेले. इंग्रजी तोफांवर वजन असंच लिहीत: हंड्रेडवेट, क्वार्टर, पौंड. समजा १७-२-१४ लिहिलं असेल, तर १७ गुणिले ११२, अधिक २ गुणिले २८, अधिक १४, म्हणजे १९७४ पौंड, साधारण ८९५ किलो. डच तोफांवर वजन सरळ पौंडात असतं आणि ॲम्स्टरडॅमचा पौंड इंग्रजी पौंडापेक्षा जड. स्वीडनच्या फिन्स्पाँग कारखान्याच्या तोफांवर बाजूच्या दांड्याच्या टोकाला एफ हे अक्षर सापडतं. आमची तोफ इंग्रजी वजनाची निघाली. पण तोफा विकल्या जात, भाड्याने दिल्या जात, लढाईत जिंकल्या जात, एका जहाजावरून दुसऱ्यावर चढत. अमेरिकेच्या किनाऱ्यावर १७१८ मध्ये रुतलेलं ब्लॅकबिअर्ड या समुद्री चाच्याचं क्वीन ॲन्स रिव्हेंज हे मूळचं फ्रेंच गुलामवाहू जहाज, आणि त्यावर इंग्लिश व स्वीडिश तोफा सापडल्या. ते अवशेष १९९६ मध्ये हाती लागले, अधिकृत ओळख २०११ मध्ये जाहीर झाली. इतका वेळ घेणाऱ्या लोकांबद्दल मला आदर आहे.

नामिबियाच्या ओरान्येमुंडजवळ २००८ मध्ये सापडलेलं जहाज तर या बाबतीत आमचं पाठ्यपुस्तकच होतं. दोन हजारांहून अधिक सोन्याची नाणी, त्यातली बहुसंख्य स्पॅनिश. तांब्याच्या लगड्यांवर जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या फुगर या व्यापारी घराण्याची त्रिशूळ-खूण. हस्तिदंत पश्चिम आफ्रिकेतल्या जंगलात राहणाऱ्या जातीच्या हत्तींचे, हे २०२० मध्ये डीएनएवरून कळलं. म्हणजे स्पेन, जर्मनी आणि आफ्रिका. आणि जहाज? पोर्तुगालच्या तिसऱ्या जुआंवच्या काळात, १५२५ ते १५३८ दरम्यान पाडलेली थोडीशी नाणी होती, त्यांनी दिशा दिली. मग पोर्तुगीज ताफ्यांच्या नोंदी तपासून १५३३ मध्ये हरवलेल्या बॉम जेझुसपर्यंत पोहोचता आलं. तरी अभ्यासक आजही ‘बहुधा बॉम जेझुस’ असंच लिहितात. ढिगातली बहुसंख्य वस्तू काय सांगते यापेक्षा सगळ्यात उशिराची आणि सगळ्यात नेमकी वस्तू कोणती, हे बघायला मी तिथून शिकले.

आमच्याकडे एकही वाचता येईल असं नाणं नव्हतं. चांदीची होती, पण काळ्या सल्फाइडची चळत झालेली. मग आधार उरला चिनी मातीच्या भांड्यांचा आणि तंबाखू ओढायच्या मातीच्या पाइपांचा. निळी-पांढरी भांडी कप्प्याकप्प्यांची किनार असलेली, क्राक म्हणतात त्या जातीची. ही चीनमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत निर्यातीसाठी होत असत. मी प्रत्येक तुकडा भिंगाखाली धरून पाहिला. माल म्हणून नेलेली भांडी एकसारखी, एकात एक रचलेली आणि कोरी असतात. आमचे तुकडे वेगवेगळ्या संचांतले होते आणि आतल्या बाजूला वापराचे बारीक ओरखडे होते. म्हणजे या ताटल्यांतून कुणीतरी रोज जेवत होतं. हे मला फार मोलाचं वाटलं, कारण त्यामुळे ‘चीनहून युरोपला माल नेणारं जहाज’ ही सोयीची गोष्ट डळमळली.

पाइपांच्या बाबतीत हॅरिंग्टन या अमेरिकी संशोधकाने १९५४ मध्ये एक साधी पद्धत मांडली. इंग्रजी पाइपांच्या दांडीतलं भोक काळाबरोबर लहान होत गेलं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला साधारण ९/६४ इंच, अठराव्याच्या उत्तरार्धात ४/६४. ड्रिलची पाती एकेक करून भोकात घालून बघायची. आमचे तुकडे वरच्या मापांत, म्हणजे जुने निघाले. डच पाइपांना ही पद्धत तितकी लागू पडत नाही आणि थोड्या तुकड्यांवर सरासरी काढण्यात अर्थ नाही, म्हणून अहवालात आम्ही दशक लिहिलं नाही. पाइप मात्र चांगला साक्षीदार आहे, कारण तो पटकन मोडतो आणि फेकला जातो. तोफ पन्नास वर्षं जुनी असू शकते, पाइप सहसा नाही. आमच्या पाइपांच्या वाटग्या आतून काळ्या होत्या, ओढलेल्या.

जहाजाच्या तळाशी वजनासाठी भरलेल्या दगडांमध्ये लहान पिवळ्या विटाही निघाल्या. अशा विटा डच जहाजं आशियात वजन म्हणून आणि बांधकामासाठी आणत. इंग्रजी तोफ, डच विटा, चिनी ताटल्या. आणि मग लाकडाचा निकाल आला: सागवान. फळ्यांच्या सांध्यात काथ्या ठासलेला.

इथे सगळ्यांचे अंदाज पुन्हा हलले. सागवान म्हणजे हिंदी जहाज, असं म्हणावंसं वाटतं. पण पोर्तुगीज आपली जहाजं गोवा, कोची, वसई इथे बांधून घेत होते, आणि काथ्या तिथे सहज मिळे. लाकडाच्या वर्षवलयांवरून तारीख काढायची, तर युरोपातल्या ओकसाठी जशा लांबलचक तुलनेच्या मालिका आहेत तशा सागवानासाठी नाहीत. कार्बन-१४ सतराव्या शतकाच्या मध्यानंतर फार मदत करत नाही, कारण तिथून पुढे त्याचा आलेख असा वरखाली होतो की एकाच मोजणीला दोन-तीन वेगवेगळे कालखंड जुळतात. शिवाय तारीख मिळते ती झाडाची वलयं वाढली त्या काळाची, जहाज बुडाल्याची नव्हे.

मग कागदपत्रं. डच ईस्ट इंडिया कंपनीची १६०२ पासूनची दप्तरं अफाट आहेत. जहाजांच्या साडेचार हजारांहून अधिक फेऱ्या त्यांवरून लावता येतात. इंग्रजांची सुरतेच्या वखारीची पत्रं आहेत, पोर्तुगीजांची लिस्बन आणि गोव्यात. आमच्या आधी कुणीतरी बुडालेल्या जहाजांची यादी करून ठेवली होती. त्यात एका जहाजावर काट मारलेली होती: इंग्रज म्हणतात जानेवारीत बुडालं, पण डच नोंदीत ते त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बंदरात दिसतं, म्हणजे माहिती चुकीची. मला हे खटकलं. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला बदलत असे. इंग्रजांनी जानेवारी १६३९ लिहिलं तर आपल्या हिशेबात तो जानेवारी १६४०. वर जुन्या (ज्युलियन) आणि नव्या (ग्रेगोरियन) पंचांगातला दहा दिवसांचा फरक. हिशेब लावल्यावर दोन्ही नोंदी नीट जुळल्या आणि ते जहाज पुन्हा यादीत आलं. त्या दुपारचा आनंद मी विसरणार नाही.

पण मला जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट यादीत नसलेल्यांची होती. कंपन्यांनी आपलं प्रत्येक नुकसान लिहून ठेवलं, कारण भागधारकांना हिशेब द्यायचा होता. गुजराती, अरबी, मलबारी व्यापाऱ्यांची कितीतरी जहाजं याच पाण्यात बुडाली, त्यांची नावं कुठल्याच दप्तरात नाहीत. सागवानी, काथ्या ठासलेलं, विकत घेतलेली इंग्रजी तोफ आणि पगारी नाखवा असलेलं जहाज त्यांचंही असू शकतं. फक्त यादीतून नाव निवडलं तर यादी ज्यांनी लिहिली त्यांचंच जहाज दर वेळी सापडणार.

एका प्रदर्शनासाठी आमच्यावर नाव जाहीर करायचा दबाव आला होता. मी विरोध केला आणि सुदैवाने बाकीच्यांनी साथ दिली. पाटीवर लिहिलं: सतराव्या शतकाचा पूर्वार्ध, आशियातल्या बंदरांमध्ये फिरणारं सागवानी जहाज, नाव अज्ञात. प्रेक्षक त्या पाटीसमोर थांबून प्रश्न विचारत होते, आणि त्या प्रश्नांना उत्तर देताना मला नावाची उणीव कधी भासली नाही.

ओमानजवळच्या वास्को द गामाच्या ताफ्यातल्या जहाजाची ओळख पटवायलाही वस्तू आणि कागद दोन्ही लागले. घंटेवर स्कॅनिंगनंतर दिसलेले ४९८ हे आकडे, म्हणजे बहुधा १४९८ साल, हिंदुस्थानच्या व्यापारासाठी १४९९ मध्ये पाडलेलं चांदीचं इंदिओ नाणं, आणि १५०३ च्या वादळाचं बखरकारांनी केलेलं वर्णन. आमच्याकडे घंटा नाही. आता शिशाच्या पत्र्याचा नमुना समस्थानिक तपासणीला गेलाय, त्यातून खाण कुठली याचा अंदाज येईल. आणि पुढच्या मोहिमेत काहीही न उचलता फक्त मोजमाप करायचं आहे. तोफांच्या रांगेखाली कण्याचं लाकूड वाळूत दिसतं. त्याची पूर्ण लांबी मिळाली तर यादीत आता उरलेल्या दोन जहाजांपैकी मोठं तरी बाद होईल किंवा धाकटं. दोन्ही बाद झाली, तर शोध कंपन्यांच्या दप्तरांबाहेर न्यावा लागेल, आणि त्यासाठी फारसी आणि गुजराती कागद वाचणारी माणसं आम्ही आत्तापासूनच शोधतो आहोत.