घर चार तासांवर असताना

"अकरापर्यंत घरी पोचला असतात की! मध्येच जंगलात रात्र कशाला काढायची?" दर जानेवारीत हा प्रश्न येतो. सांगलीहून आई विचारते, ऑफिसात विचारतात, सासूबाई तर म्हणतात, "एसटीसुद्धा रात्रभर धावते गं." आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

आम्ही ऑकलंडला राहतो. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरून परतताना पिक्टनची फेरीबोट साडेतीन तासांनी वेलिंग्टनला आणून सोडते. तोवर दुपारचे अडीच वाजलेले असतात आणि घर अजून साडेसहाशे किलोमीटर. गाडी म्हणजे जुनी टोयोटा हायएस व्हॅन, मागे गादी, कोपऱ्यात इवलंसं सिंक. वारा सुटला की होडीसारखी डोलते.

वायुरूला एक नंबरचा हायवे सोडला की तांगीवाई लागतं. २४ डिसेंबर १९५३ च्या रात्री रुआपेहू ज्वालामुखीच्या विवरातलं तळं फुटलं, चिखलाच्या लोंढ्यानं रेल्वेचा पूल खिळखिळा केला आणि वेलिंग्टनहून ऑकलंडला निघालेली एक्सप्रेस नदीत कोसळली. १५१ माणसं गेली. बरीचशी नाताळला घरी निघालेली. लेकाला दर वेळी तो पूल बघायचा असतो.

तिथून तासाभराच्या आत मांगाहुइया, ओढ्याकाठची सरकारी कॅम्पसाइट. वीज नाही, शॉवर नाही, पाणी उकळून प्यायचं. पोचतो तेव्हा सूर्य मावळलेला नसतो. खुर्च्या काढायच्या, मुगाची खिचडी टाकायची. पहिल्या वर्षी मी कुकर लावला होता. शिट्टी झाली आणि शेजारच्या तंबूतले आजोबा टॉर्च घेऊन धावत आले, त्यांना वाटलं आमचा गॅस फुटला. त्यांना वाटीभर खिचडी द्यावी लागली. तेव्हापासून पातेल्यातच शिजवते, चाळीस मिनिटं लागली तरी.

सकाळी काचा आतून ओल्या. एक कांदा, दोन मिरच्या, पिशवीच्या तळाशी उरलेले पोहे, असा नाश्ता. रस्त्यावर आलं की न्गाउरुहोए हा ज्वालामुखी अगदी मुलानं चित्रात काढावा तसा त्रिकोणी दिसतो. जेवायच्या वेळेला घरी. उजेडात सामान उतरतं, मशीन लागतं, आणि गाडीतल्या त्या संडासाच्या टाकीचं जे काय करायचं ते दिवसाढवळ्या वाटेतच उरकलेलं असतं. हे काम रात्री अकराला ज्यानं केलंय त्याला विचारा.

हे सगळं खरंच आहे, पण थांबायला लागलो ते यामुळे नाही.

त्याआधी एक वर्ष आम्ही थेट गेलो होतो. टोकोरोआ गावाच्या पुढे काळोख, दोन्ही बाजूंना झाडं, मागे बापलेक झोपलेले. चालवत मी होते. मला डुलकी लागलीय हे मला कळलंच नाही. कळलं ते चाक कडेच्या खरखरीत पट्टीवर गेलं आणि सगळी गाडी घर्रर्र करत थरथरली तेव्हा. स्टिअरिंग सरळ केलं, काच उघडली, पुढच्या गावात पेट्रोल पंपावर जाऊन वीस मिनिटं नुसती बसून राहिले. दोघंही उठले नाहीत.

नवऱ्याला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो काही बोलला नाही. पुढच्या वर्षी फेरीतून उतरले आणि बघते तर फोनच्या नकाशात त्यानं मांगाहुइया आधीच टाकून ठेवलेलं.

आईला मात्र अजून हेच सांगते की डोंगर बघायला थांबतो.