बीबीसीच्या वेबची छोटी प्रतिकृती, नोंद ३: स्थिर फाइलींपासून कॅशपर्यंत

बीबीसीची वेबसाइट वेगवेगळ्या काळात जशी चालली, तशी ती छोट्या संगणकांवर थराथराने उभारण्याचा हा प्रयोग. मांडणी आधीच्या नोंदींतलीच: २ जीबी मेमरीचे तीन सिंगल-बोर्ड संगणक, एक गिगाबिट स्विच आणि भार टाकायला (एकदम खूप मागण्या पाठवायला) वेगळा चौथा बोर्ड. भार टाकणारा प्रोग्राम सर्व्हरच्याच बोर्डावर चालवू नका, सीपीयू दोघांत वाटला जातो आणि आकड्यांना अर्थ उरत नाही.

पहिला थर बीबीसीच्या जुन्या बातम्यांच्या साइटचा, न्यूज ऑनलाइनचा. ही साइट ४ नोव्हेंबर १९९७ला सुरू झाली. त्या काळात बातमी प्रसिद्ध होताच पान फाइल म्हणून लिहिलं जायचं. वाचकाने मागितल्यावर सर्व्हरला फक्त ती फाइल द्यायची असे. जुन्या पत्त्यांत ‘हाय’ आणि ‘लो’ दिसतात, ती एकाच बातमीची चित्रांसह आणि हलकी अशी दोन रूपं. चित्रांचे फोल्डरही बघण्यासारखे आहेत: ४५१७३१७५ क्रमांकाचं चित्र ४५१७३००० नावाच्या फोल्डरात. म्हणजे एका फोल्डरात फार तर हजार क्रमांक. प्रतिकृतीत हाच नियम ठेवलाय, कारण लाखभर फाइली एकाच फोल्डरात टाकल्या की नुसती यादी काढणंही जड जातं.

बातम्यांच्या फाइलींचं एक्स्टेन्शन ‘एसटीएम’, म्हणजे सर्व्हर-साइड इन्क्लूड असलेलं पान: पान देताना सर्व्हर त्यात सामाईक पट्टीसारखी दुसरी फाइल जोडतो. अपाचे या वेब सर्व्हरला हे एक्स्टेन्शन एचटीएमएल आहे असं सांगून त्यावर इन्क्लूड्स फिल्टर लावायचा. इथे सगळ्यात जास्त वेळ जातो. हा फिल्टर लागला की अपाचे ‘लास्ट-मॉडिफाइड’ (पान शेवटचं कधी बदललं ते सांगणारं) हेडर काढून टाकतं, त्यामुळे ब्राउझर दर वेळी पूर्ण पान ओढतो. अपाचेत ‘एक्सबिटहॅक फुल’ हा पर्याय ठेवून फाइलीला ग्रुप-एक्झिक्यूट बिट (गटाला फाइल चालवायची परवानगी) दिला की हेडर परत येतं, पण वेळ मूळ फाइलीची लागते, आत जोडलेल्या पट्टीची नाही. पट्टी बदलली तरी ब्राउझरला ३०४ (‘बदल नाही’) मिळतो आणि जुनी पट्टीच दिसत राहते. उपाय: पट्टी बदलली की ती वापरणाऱ्या सगळ्या पानांवर ‘टच’ (फाइलीची वेळ ताजी करणारी आज्ञा) फिरवायचा.

फाइल लिहितानाही तात्पुरत्या नावाने लिहून मग नाव बदला, आणि तेही त्याच फाइलसिस्टिमवर. दुसऱ्या डिस्कवरून आणलेली फाइल प्रत्यक्षात कॉपी होते आणि मधल्या क्षणी कुणाला तरी अर्धं पान मिळतं. फाइली दुसरीकडे पाठवणारं आरसिंक मुळातच असं तात्पुरतं नाव वापरतं. ‘इनप्लेस’ पर्याय लावलात तर हा फायदा जातो. क्रम: आधी चित्रं, मग बातम्या, शेवटी मुखपृष्ठ. उलट केलं तर दुव्यामागे ४०४ (‘पान सापडलं नाही’) येतो आणि तोच कॅशमध्ये, म्हणजे तयार उत्तरांच्या साठ्यात, जाऊन बसतो.

दुसरा थर फोर्ज या बीबीसीच्या वेब-व्यवस्थेचा, साधारण २००९ नंतरचा. यात पान जुळवणारा पीएचपी थर डेटाबेसला थेट हात लावू शकत नव्हता. माहिती जावाच्या सेवांकडून एचटीटीपीवरूनच घ्यायची. हे बंधन फार मोलाचं आहे, कारण मधल्या प्रत्येक मागणीला पत्ता असतो आणि पत्ता असला की कॅश करता येतं. आपल्याकडे एका बोर्डावर पीएचपी, दुसऱ्यावर टॉमकॅट (जावाच्या सेवा चालवणारा सर्व्हर) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस), तिसऱ्यावर व्हार्निश (सगळ्यांपुढे बसणारा कॅश सर्व्हर).

पीएचपीत कुठेही सेशन (वाचकाची ओळख लक्षात ठेवणं) सुरू झालं की उत्तरात कुकी जाते आणि व्हार्निश ते पान साठवत नाही. हिट रेट (कॅशमधून दिलेल्या उत्तरांचं प्रमाण) शून्याजवळ दिसला तर आधी हेच तपासा.

१९ जुलै २०१४ला कार्यक्रमांची माहिती पुरवणाऱ्या बीबीसीच्या डेटाबेसवर भार एकाएकी चढला आणि आयप्लेअर (कार्यक्रम ऑनलाइन बघायची सेवा) शनिवार-रविवार अडखळत राहिला. ज्या सेवांनी माहिती स्वतःच्या कॅशमध्ये धरली होती त्या जास्त तगल्या, पण मुदत संपेपर्यंतच. ही स्थिती मुद्दाम घडवता येते: टीटीएल (कॅशमधल्या प्रतीची मुदत) ३० सेकंद ठेवा, भार चालू ठेवा आणि मायएसक्यूएल बंद करा. व्हार्निशचा ग्रेस, म्हणजे मुदत संपल्यावरही जुनी प्रत देत पार्श्वभूमीत नवी आणण्याचा काळ, मुळात १० सेकंदांचा असतो, म्हणून जुनी प्रत फार तर चाळीस सेकंद पुरते आणि मग चुका दिसू लागतात. ग्रेस ६ तास केला तरीही चुका येतातच, आणि हे कोडं सुटायला वेळ लागतो. डेटाबेस मेला तरी पीएचपी जिवंत असतो आणि ५०० (‘सर्व्हरमध्ये चूक’) देतो. व्हार्निशच्या लेखी ते मिळालेलं उत्तरच, म्हणून पार्श्वभूमीत आणलेला हा ५०० जुन्या चांगल्या प्रतीची जागा घेतो. व्हार्निशच्या बॅकएंड-रिस्पॉन्समध्ये (मागून आलेलं उत्तर हाताळणाऱ्या भागात) अट घाला: मागणी पार्श्वभूमीतली असेल आणि स्थिती ५०० किंवा वर असेल तर ‘अबँडन’, म्हणजे ते उत्तर टाकून द्यायचं. मग जुनी प्रत सहा तास टिकते.

तिसरा थर अजून कागदावर आहे. २०२०मध्ये बीबीसीने आपल्या वेबसाइटची डेटासेंटर बंद केली. तोवर पानं मोठ्या प्रमाणात एडब्ल्यूएस लॅम्डावर (मागणी आली की कोड चालवणारी अॅमेझॉनची क्लाउड सेवा) रिअॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीने तयार होऊ लागली होती. यातही पान मागणीच्या क्षणीच बनतं, म्हणून हा थर जोडताना वरची अट व्हार्निशमध्ये तशीच ठेवायची आहे. पहिलं मोजमाप थंड (आधीपासून चालू नसलेली) प्रोसेस उठायला लागणाऱ्या वेळाचं.